नोकरी सोडू का? आधी घोड्याचा चारा मोजा

आज हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या एका मित्राच्या व्हॉइस नोटवर बोलूया. गडी पुण्यात नोकरीला आहे, पगार २२ हजार. रात्री जागून बाहेरची व्हिडिओ एडिटिंगची कामं करतो. तो विचारतो, "दादा, नोकरी सोडून गावाकडून फ्रीलान्सिंग करू का? वडील म्हणतात, लागलेली नोकरी सोडून घरी बसून काय करणारेस? त्यांना कसं समजावू?"

आधी वडिलांचं बोलू. आपल्याला वाटतं, त्यांना यातलं कळत नाही. अरे, त्यांच्याइतकं कुणाला कळतंय? जूनमध्ये सोयाबीन पेरायचं, पैसा दिसणार दसरा-दिवाळीला. हळद तर आठ-नऊ महिने जमिनीत. खर्च आधी, पैसे नंतर, आणि भाव दुसराच ठरवणार. आयुष्यभर त्यांनी हेच केलंय. म्हणून तर पोराला ठरल्या तारखेला पगार मिळावा, असं त्यांना वाटतं. त्यांना मोटिव्हेशनचे रील दाखवू नका. हिशोब दाखवा.

शाळेत वाचलेले बारगीर आणि शिलेदार आठवतात? बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. शिलेदाराचं दोन्ही स्वतःचं. फ्रीलान्सर म्हणजे शिलेदार. शब्दही तसाच आहे बघा: फ्री म्हणजे मोकळा, लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत तो पैशासाठी लढणाऱ्या मोकळ्या शिपायांसाठी आलाय. भाला चालवता येतो, हे ठीक. पण घोड्याचा चारा कुठून येणार?

मित्राचेच आकडे घेऊ. पुण्यात रूम, मेस, पेट्रोल मिळून १४ हजार जातात, ८ हजार उरतात. गावी लॅपटॉपचा हप्ता, नेट आणि घरखर्चाला हातभार धरून ९ हजार लागतील. म्हणजे महिन्याला १७ हजार आले, तर तो आज आहे तिथेच राहील. त्यात पीएफ नाही, भरपगारी सुट्टी नाही, आणि लाइट गेली की काम बंद. बाहेरच्या कामाचे सहा महिन्यांत आले किती? ४१ हजार. महिन्याला सात हजारसुद्धा नाहीत.

मग माझं उत्तर: आज सोडू नको. पण कायमचा नादही सोडू नको. तीन गोष्टी जमल्या की सोड.

पहिली, सहा महिन्यांचा खर्च बाजूला. ९ हजाराने ५४ हजार झाले.

दुसरी, पैसे देणारे निदान तीन क्लायंट, आणि त्यातला एक तरी स्वतःहून परत आलेला. एकाच क्लायंटवर बसलास तर ती नोकरीच झाली, फक्त पीएफ नसलेली.

तिसरी, वसुलीची शिस्त. मी सुरुवातीला भिडेपोटी ॲडव्हान्स मागितला नाही. फायनल फाइल दिली आणि समोरच्याने फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून अर्धे पैसे आधी, उरलेले मिळाल्यावरच फायनल फाइल. बदल किती वेळा करून देणार, तेही ईमेलवर लिहून. उद्यम नोंदणी करून ठेव, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवता येत नाहीत, थकवले तर व्याज द्यावं लागतं.

आणि हो, सध्याच्या कंपनीच्या करारात बाहेरचं काम चालतं का, ते आधी वाच.

आता एक वही कर. कोणतं काम कधी दिलं, पैसे कधी आले, तारखेनिशी लिही. पुढच्या वेळी गावी गेलास की ती वडिलांपुढे ठेव. उधारीची वही त्यांना नीट वाचता येते. त्यांनी चार प्रश्न विचारले तर चिडू नको, ते प्रश्न उद्या क्लायंटला तुलाच विचारायचेत.

तुमची वही काय सांगते? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!