बाखच्या नावाचा ट्रम्पेट



आपल्या मालगुंडच्या केशवसुतांनी १८९३ मध्ये 'तुतारी' लिहिली, तेव्हापासून मराठी माणसाला तुतारी म्हटलं की आधी कविता आठवते आणि मग वाद्य. आज मात्र वाद्याबद्दलच बोलू.

लग्नात, मिरवणुकीत फुंकतात त्या तुतारीला ना भोकं, ना कळा. वाजवणारा ओठ आवळतो, सैल सोडतो, तेवढ्यावर सूर बदलतात. पण हे सूर विचित्र जिन्यासारखे असतात. तळाच्या पायऱ्या लांब लांब, वर जावं तशा जवळ येणाऱ्या. खाली सा, मग थेट वरचा सा, मग प. सलग सरगम मिळते ती पार वरच्या टोकाला, आणि तिथला मध्यम तर धड शुद्धही नाही, धड तीव्रही नाही!

संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या काळचा ट्रम्पेटही असाच होता. सात-आठ फुटांची साधी नळी, फक्त वळवून आटोपशीर केलेली. बाखने त्या अवघड वरच्या टोकालाच चाली रचल्या. लाइपझिगमधला त्याचा ट्रम्पेटवादक गॉटफ्रीड राइखे १७३४ मध्ये वारला. पुढे ती विद्याही लोपत गेली.

१८१८ मध्ये बर्लिनला व्हॉल्व्हचं पेटंट निघालं. बोटानं व्हॉल्व्ह दाबला की हवेला नळीचा जादा तुकडा फिरून यावं लागतं, सूर उतरतो आणि मधल्या गाळलेल्या पायऱ्या भरून निघतात. मग १८८४ साली बाखच्या जन्मगावी, आयसेनाखला, त्याचा पुतळा उभा राहिला. त्या सोहळ्यात युलियस कोस्लेक या ट्रम्पेटवादकाने बाखच्याच 'बी मायनर मास' या रचनेतला ट्रम्पेट असा वाजवला, की लोक थक्क झाले. पुढच्या वर्षी लंडनलाही तेच. जुनं वाद्य सापडलं असा बोलबाला झाला, 'बाख ट्रम्पेट' हे नावही पडलं. खरं तर त्या लांब, सरळ नळीला दोन व्हॉल्व्ह होते! शिवाय ती बाखच्या काळच्या नळीहून बरीच आखूड होती. आखूड नळीत तोच सूर खालच्या, ऐसपैस पायरीवर येतो, म्हणून पाय घसरायची भीती कमी.

मी याला लबाडी म्हणणार नाही. बाखच्या ओळी पुन्हा ऐकू आल्या, हे काम मोठंच. खटकतो तो सरळपणा. बाखचे वादक वळवलेला ट्रम्पेट वाजवत. सरळ नळी नुसती दिसायला प्राचीन.

पुढे १९६० च्या सुमारास ओटो स्टाइनकोफ या जर्मन कारागिरानं व्हॉल्व्ह काढून लांब नळी परत आणली, पण बेसूर जागा सावरायला तिला बारीक छिद्रं ठेवली. आज 'बरोक ट्रम्पेट' म्हणून ऐकू येतो तो पुष्कळदा असा छिद्रांचाच. राइखेला तो मध्यम नुसत्या ओठांनी ओढून सुरात आणावा लागे.