बालकाची क्षुधा आणि भरवणारा हात



बालरोगचिकित्सकांच्या या परिषदेचा अध्यक्ष या नात्याने मी एकाच विषयाकडे वळतो. कारण ‘मूल काही खातच नाही’ या तक्रारीइतकी नित्याची तक्रार आपल्या दवाखान्यांत दुसरी नसेल, आणि तिच्यावर आपण देत आलेला ‘भरवा, वजन वाढले पाहिजे’ हा हुकूम मला फार दिवसांपासून अपुरा, किंबहुना काही घरांत अपायकारक वाटत आला आहे.

अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२८ पासून प्रसिद्ध केलेल्या आणि १९३९ मध्ये समग्र मांडलेल्या प्रयोगात, अंगावरचे दूध नुकतेच सुटलेल्या १५ बालकांपुढे तिसाहून अधिक साधे, साखरविरहित, एकमेकांत न मिसळलेले पदार्थ ठेवले जात. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसे, परंतु बालकाने हात पुढे केल्याविना घास देण्याची वा एखादा पदार्थ सुचविण्याची तिला मुभा नव्हती. कोणी सकाळी संत्र्याचा रस आणि काळीज खाई, कोणाचे रात्रीचे जेवण अंडी, केळी आणि दुधावर होई. एकाही जेवणात शास्त्र दिसत नसे, तरी मुले वाढली आणि निरोगी राहिली. या प्रयोगाचा अर्धाच भाग सांगणारे पुष्कळ आढळतात, म्हणून उरलेला भाग आवर्जून सांगतो : खरी किमया पदार्थांच्या यादीत होती, असे स्वतः डेव्हिसबाईंनीच नमूद केले आहे. पुढ्यात काय ठेवावे हा अधिकार वडीलधाऱ्यांचा. त्यातले किती पोटात जावे, हा बालकाचा.

परंतु सर्व बालकांची भूक जन्मतः सारखी नसते. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या सुमारे २४०० कुटुंबांचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभिला. केवळ दुधावर असलेल्या पहिल्या तीन महिन्यांतील भुकेच्या लक्षणांमध्ये, म्हणजे सावकाश पिणे, लवकर तृप्त होणे, दूध दिसताच आसुसणे यांत, बालकाबालकांत जो फरक दिसतो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग आनुवंशिक असल्याचे त्यांना आढळले. त्याहून मननीय गोष्ट अशी, की एकाच घरातील भिन्न भुकेच्या जुळ्यांपैकी कमी खाणाऱ्यावर आईबाप अधिक आग्रह करतात असे पुढे दिसून आले. म्हणजे ज्या भरवण्याच्या रीतीला आपण भुकेचे कारण समजत होतो, ती काही अंशी त्या भुकेचाच परिणाम असते. या माहितीनंतर कृश बालकाच्या मातेला दोषी ठरविणे मला अन्यायाचे वाटते.

आग्रह मात्र तेवढ्याने निरुपद्रवी ठरत नाही. सूप संपविण्याचा तगादा लावलेली बालवाडीच्या वयाची मुले तगादा नसतानापेक्षा कमी सूप पितात, असे अमेरिकेतील एका प्रयोगात आढळले. आपल्याकडे मुलाला पायांवर आडवे घालून, नाक दाबून वरणभात घालणारे हात मायेचेच असतात. पण तोंड फिरविणे ही त्या जिवाची एकमेव भाषा, आणि तिला प्रतिसाद मिळत नाही हेच तो शिकतो.

येथे एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. तापाने वा कुपोषणाने ज्याची भूकच मावळली आहे त्याला त्याच्या मर्जीवर सोडणे म्हणजे उपेक्षा होय. शिवाय मजुरीला गेलेल्या आईच्या घरी सक्तीची नव्हे, शेजारी बसणाऱ्या माणसाची वाण असते. वाटी पुढे सरकवून थोरले भावंड खेळायला निघून जाते. शेजारी बसून भरवण्याचे मोल यावरून दिसेल : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील ६० खेड्यांच्या अभ्यासात काही खेड्यांतील मातांना पूरक आहारासोबत बालकाच्या खुणा ओळखून भरवणे आणि त्याच्याशी खेळणे शिकविले, तेव्हा बालकांच्या मानसिक विकासातही सुधारणा दिसली.

सबब परिषदेपुढे एका ठरावाचा मसुदा ठेवीत आहे : केसपेपरावर वजन-उंचीच्या रकान्यांशेजारी बालकाला कोण भरवते, किती वेळ भरवते आणि त्याने तोंड फिरविल्यावर काय करते, याची नोंद व्हावी, आणि आईला वजनाचा आकडा सांगण्यापूर्वी हे प्रश्न विचारले जावेत. अंगणवाडीच्या दप्तरातही अशी नोंद कशी आणता येईल, याचा विचार उद्याच्या सत्रात आपण करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.