घरांतील ओल

विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी व कांदळवन, तर पश्चिमेस टेकड्या. या टेकड्यांच्या उतारावर कित्येक घरांची मागची भिंत कमरेइतकी मातींत गेलेली असते. अशा खोलीस तळघर कोणी म्हणत नाहीं. पण ओलीच्या दृष्टीनें तें तळघरच होय.

पावसाळ्यांत या भिंतींचे पोपडे निघतात, गाद्यांना कुबट वास येतो, मुलांचा खोकला हटत नाहीं. दिवाळी आली कीं रंगारी बोलावतात. तो खर्च बहुधा वायां जातो. ओल हवेंतली कीं भिंतींतली, हें आधीं ठरविलें पाहिजे. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीस घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. खोलीकडील बाजूस दंव जमलें तर दोष हवेचा; म्हणजे स्वयंपाकाची वाफ आणि आंत वाळत घातलेलीं धुणीं यांचा. मागील बाजूस जमलें तर पाणी भिंतींतूनच येत आहे.

पहिल्या दोषास वाफ बाहेर टाकणारा पंखा पुरतो. मात्र ऐन आषाढांत खिडक्या सताड उघडून खोली वाळेल ही आशा व्यर्थ. बाहेरची हवाच तेव्हां ओली असते. दुसऱ्या दोषास आंतून सिमेंट थापून उपयोग नाहीं. वरच्या अंगास चर बांधून पाणी बाजूला न्यावें, आणि भिंतींत पाणी झिरपण्यासाठीं ठेवलेलीं भोकें कधींच बुजवूं नयेत. कोंडलेल्या पाण्यानें मातीचा दाब वाढतो. १८ जुलै २०२१ रोजीं मुसळधार पावसांत विक्रोळीच्या सूर्यनगरांत दरड येऊन घरें कोसळलीं व माणसें दगावलीं. भिंत फुगली वा तीस आडवी भेग पडली, तर स्थापत्य अभियंत्यास दाखवावी, आणि तोंवर त्या खोलींत कोणीं झोपूं नये.