वावरांमध्ये उरलेले रान



जंगलावर बोलावयाचे म्हटले की आपल्या वऱ्हाडात श्रोत्यांच्या मनात पहिल्याने मेळघाट उभा राहतो. ते स्वाभाविक आहे. 1974 साली तेथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि त्याची काळजी वाहणारे लोक आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते ज्याची काळजी कोणीच वाहत नाही अशा रानाविषयी. मेळघाटाच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत जो काळ्या मातीचा पयनघाट पसरला आहे, त्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या वावरांमध्ये कोठे बाभळींचा झुबका, कोठे गवताचा माळ, कोठे नाल्याच्या काठची झुडपे शिल्लक आहेत. या तुकड्यांचे करावयाचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाही. मलेशिया आणि इंडोनेशिया या देशांत तेलमाडाच्या लागवडीसाठी मैलोगणती जंगले तुटली. ते तेल सर्वांत अधिक विकत घेणारा देश आपला भारतच आहे. तेव्हा बाजारातला बिस्किटाचा पुडा उघडताना त्या तोडीशी आपला संबंध नाही असे समजू नये. त्या लागवडींत जंगलाचे तुकडे मागे राहिले, आणि त्यांचा उपयोग किती, याचा शोध शास्त्रज्ञ घेऊ लागले. आपल्याकडे तेलमाड नाही, सोयाबीन आहे. पीक निराळे, झाड निराळे, पण सगळी भुई एकाच पिकाखाली घालावयाची वृत्ती तीच.

तुकड्यात जंगल टिकते काय? ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ 1979 पासून यावर एक मोठा प्रयोग चालला आहे. गुरांच्या कुरणासाठी जंगल तुटत असताना 1, 10 आणि 100 हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखून ठेविले आणि वर्षानुवर्षे पाहणी केली. असे दिसले की तुकड्याच्या कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, ओल उडते, मोठी झाडे मरतात. जंगलाच्या तळाशी राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती 100 हेक्टरांच्या तुकड्यातूनही पंधरा वर्षांच्या आत नाहीशा झाल्या. दुकान एका दिवसात बंद होत नाही. गिऱ्हाईक एकेक करून तुटते, तसे हे आहे. तेलमाडाच्या मुलखातल्या अभ्यासकांनी सांगितले की तुकड्याचा गाभा सुमारे 200 हेक्टरांचा असेल तर त्यात बरेच काही तगून राहते.

येथे कोणी म्हणेल, मग आमच्या गावचा दहा-वीस एकरांचा माळ राखून काय उपयोग? शंका रास्त आहे, आणि त्या माळावर वाघ नांदेल असे मी सांगणार नाही. पण राहणे निराळे आणि जाणे-येणे निराळे. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून त्याचा मार्ग आपल्याला कळला. तेलंगणाच्या आदिलाबादकडून फिरत फिरत पाच महिन्यांत सुमारे 1300 किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या वाटेत सलग जंगल कोठले! वावरे, रस्ते आणि गावे यांच्यामधून, नाल्यांच्या आणि झुडपांच्या आडोशाने तो गेला. ज्याला आपण पडीक म्हणतो ती त्याची धर्मशाळा होती. ज्ञानगंगेत त्याला जोडीला दुसरा वाघ मिळाला नाही, हा भाग निराळा; जंगले एकमेकांपासून किती तुटली आहेत, हे त्याच्या एकटेपणावरून कळते.

आणि वाघाचीच गोष्ट कशाला? तणमोर पाहा. हा गवताचा पक्षी. पावसाळ्यात नर गवताच्या वर टुणकन उड्या घेऊन मादीला बोलावितो, आणि मादी जमिनीवरच अंडी घालते. त्याला घनदाट झाडी नको, त्याला गुडघाभर गवत हवे. 2021 साली जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना झाली. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतील माळांवर तो पावसाळ्यात दिसत आला आहे. मेळघाटात कितीही साग राखला तरी तणमोराला त्याचा उपयोग नाही. तेव्हा झाडे असतील तेच जंगल, ही समजूत आपण सोडली पाहिजे. गवताळ माळावर खड्डे खणून वृक्षारोपणाचे समारंभ होतात तेव्हा मला हसावे की रडावे कळत नाही.

आता हे माळ कोणाचे? वऱ्हाडच्या माणसाला ‘ई-क्लास’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नांगराने काळी माती व्यापली. तरीही जमिनीची वर्गवारी करताना गावच्या गुरांसाठी काही जमीन बाजूला ठेवावी लागली. तीच ही ई-क्लास. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीन आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, गुरे कमी झाली, आणि चराईची जमीन सर्वांना रिकामी दिसू लागली. आता सौरऊर्जेच्या पट्ट्यांनाही तीच जमीन सोयीची वाटते.

येथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या जमिनीवर भूमिहीनाचाही हक्क सांगितला गेला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते पडीक जमिनीसाठीच. त्या मागणीमागे शतकांची भूक होती. तणमोरासाठी त्या माणसाला हुसकून द्या, असे मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीनांना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेविला. धनदांडग्याचे कुंपण आणि गरिबाची दोन एकर यांत फरक करता आला पाहिजे. तो करणे ग्रामसभेला कठीण जाते, कारण कुंपणवाला बहुधा पहिल्या रांगेत बसलेला असतो.

शेतकऱ्याचीही एक तक्रार आहे: रान राखले की रोही आणि डुकरे पोसली जातात. त्याचे नुकसान खरे आहे आणि भरपाई पुरी व वेळेवर मिळालीच पाहिजे. पण रोही आता उभ्या तुरीतही मुक्काम करतो. माळ नांगरला म्हणून तो गाव सोडील असे मला वाटत नाही. उलट गवत गेले की त्याला वावराखेरीज चरायला उरतेच काय?

मग करावयाचे ते फार मोठे नाही. गावच्या ई-क्लासची मोजणी करून नकाशा ग्रामपंचायतीत टांगावा. नाल्याच्या दोन्ही काठांना काही हात रुंदीची झाडी राखावी आणि ती माळांना जोडावी. धुऱ्यावरची बाभूळ जाळण्यापूर्वी दोनदा विचार करावा. गवत पिलांची उठाउठ झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास कापावे, आणि ते विकून येणारा पैसा गावातच ठेवावा.

याची राखण कोण करील, असे विचाराल तर अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांच्या काही वस्त्यांनी ती सुरू केली आहे. संवेदना नावाची संस्था त्यांच्यासोबत काम करते. ज्यांना 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि ज्यांचे हे लांछन 1952 साली कायद्यातून पुसले गेले, तेच लोक तणमोराचे घरटे कोणत्या गवतात असते ते ओळखतात. पूर्वी फासे लावण्यासाठी ते ओळखावे लागे. आज ते त्याच गवताची राखण करतात, तर त्यांना मजुरी कोणी द्यावयाची, हे येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या जिल्हा परिषदांनी ठरवावे.