उसनी बंदूक

श्रोतेहो, आपल्या कोकणात नांगर, बैलजोडी, शिडी, सारे काही उसने चालते. डुकरांनी भात तुडवले, की शेजारी दुनळीही मागायला येतो. भिडेपोटी नाही म्हणवत नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना माणसाचा असतो, घराचा किंवा वाडीचा नव्हे. बिगरपरवाना शेजाऱ्याच्या हाती तुमची बंदूक सापडली, तर तोही अडकतो आणि देणारे तुम्हीही.

दुसरी गोष्ट बंदुकीत फेरफार करण्याची. नळी लांब वाटते, गावचा लोहार म्हणतो, "द्या इकडे, कापून देतो." देऊ नका! विनापरवाना नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. शिवाय पुष्कळ बंदुकांची नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते. तेवढा भाग कापला, की छर्रे लवकर पांगतात आणि भलत्यालाच लागतात. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या.

मग शेजाऱ्याला काय सांगाल? पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी त्याला अर्ज लिहून द्या. तो मिळेपर्यंत रात्री त्याच्यासोबत माळ्यावर बसा, डबे वाजवा. बंदूक मात्र घरी कुलपात राहू द्या.