आधी चितळ, मग वाघ



2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणली गेली. तिचे फोटो झळकले, कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण तिच्याआधी याच रानात चितळ सोडले होते, त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आज मला बोलायचंय ते या चितळांबद्दल.

त्यातले काही पुण्याच्या कात्रजमधून आले आणि काही आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरहून. सागरेश्वर म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावाजवळचा डोंगर. एके काळी उघडाबोडका. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली, हरणं आणवली, आणि 1985 मध्ये तिथं अभयारण्य झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं, कुंपणाच्या आतलं, माणसानं हातानं उभं केलेलं रान. हरणं वाढत गेली. खाणारं जनावर नाही म्हटल्यावर वाढणारच! मग ती कुंपणाबाहेर पडून उसात आणि द्राक्षबागांत शिरू लागली, आणि शेतकऱ्याच्या नशिबी रात्रीची राखण आली.

तिकडे सह्याद्री प्रकल्पातल्या चांदोली-कोयनेत नेमकं उलटं. 2010 साली जाहीर झालेला हा व्याघ्र प्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला, 1165 चौरस किलोमीटरचा. झाडी आहे, पाणी आहे, पण वाघाच्या पोटाला पुरेल इतकी शिकार नाही. दक्षिणेकडून एखादा वाघ यायचा, कॅमेऱ्यात दिसायचा, आणि त्याचं बस्तान काही बसायचं नाही.

म्हणून चितळ हलवायचं ठरलं. पण चितळ म्हणजे शेळी नव्हे, की धरली आणि गाडीत घातली. हातात धरलं तर भीतीनंच दगावू शकतं. त्यासाठी 'बोमा' नावाची आफ्रिकेतली पद्धत वापरतात. नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा आडोसा करायचा, आत चारा टाकून जनावरांना त्या जागेची सवय लावायची, आणि एक दिवस हळूहळू पुढे सरकवत थेट गाडीतच चढवायचं. माणसाचा हात लागता कामा नये. आरडाओरडा तर मुळीच नको.

आता माझं मत विचाराल, तर चितळ हे काही घाटमाथ्याच्या धो-धो पावसातलं खास जनावर नव्हे. इथले खरे रहिवासी सांबर, भेकर, गवा आणि रानडुक्कर. चितळांनी सुरुवात होईल; पण सह्याद्री भरेल तो सांबरांनी. भर तिथं द्यावा.

आणि या जनावरांना लागणारं गवत? ते कुठून आलं? रान राखण्यासाठी चांदोलीतली गावं उठवली गेली, त्यांची भातखाचरं आणि गुरचरणं पडीक राहिली, आणि तिथं कुरणं झाली. आज गवे चरतात ते याच जमिनींवर. मात्र रान मोकळं सोडलं की आपोआप सगळं सुधारतं, हे अर्धंच खरं. तसंच टाकून दिलं, तर रानमोडीचं तण आणि झुडपं कुरण गिळून टाकतात. ती उपटायला, गवत राखायला माणसंच लागतात. या रानात गवत कुठं चांगलं येतं आणि पाणी कुठं टिकतं, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, ती माणसं आज पुनर्वसन वसाहतींत राहतात. जमिनीसाठी, नागरी सुविधांसाठी त्यांना वर्षानुवर्षं धरणं धरून बसावं लागलं. वाघिणीसाठी जशी तातडीनं यंत्रणा हलली, तशी त्यांच्यासाठी हलली नाही.

तेव्हा माझं वनखात्याला आणि सरकारला इतकंच सांगणं आहे: पुढची वाघीण आणण्याआधी या लोकांचं राहिलेलं पुनर्वसन पुरं करा, आणि कुरणांच्या कामावर पहिला हक्क त्यांच्याच मुलांना द्या.