पंखा आणि सुकाणू : एका यंत्राची भूमिती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर भूमिती शिकवीत. फळ्यावर वर्तुळ काढून झाले की ते खडू खाली ठेवीत आणि विचारीत, "आता हे फिरले तर?" पाठ्यपुस्तकातील वर्तुळ कधी फिरत नसे, सरांचे फिरत असे. म्हणून आजच्या भाषणासाठी मी असा विषय निवडला की ज्याचे सारे रहस्य एका फिरत्या वर्तुळात आणि त्यातील एका बिंदूत आहे. जहाजाला ढकलणारे आणि वळवणारे असे हे एकच यंत्र आहे. माझे आयुष्य बंदरात, टगबोटींच्या यंत्रखोलीत गेले, तेव्हा विषयाची निवड तशी अगदी निःस्वार्थ नाही.

समुद्र नसलेल्या सिल्वासात जहाजाची कथा कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण या भूमीचे नशीबच एकदा एका जहाजाने ठरवले आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज फ्रिगेटीचे नुकसान केले. त्याची भरपाई म्हणून १७ डिसेंबर १७७९ च्या तहान्वये नगर हवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना देण्याचे ठरले, आणि १७८३ मध्ये ही गावे त्यांच्या हाती गेली. पुढे १७८५ मध्ये त्यांनी दादरा विकत घेतले. एका जहाजाच्या मोबदल्यात गेलेला हा मुलूख परत यायला १९५४ साल उजाडावे लागले. तेव्हा जहाजांशी आपला काय संबंध, असे निदान सिल्वासाकराने तरी म्हणू नये! शिवाय नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी दमणगंगा आपल्या अंगणातूनच समुद्राला जाते, आणि मधुबनच्या जलाशयावर दुधनीला होड्या चालतातच.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कोणत्याही यांत्रिक जहाजाला सामान्यतः दोन अवयव असतात. मागे पाण्यात फिरणारा पंखा त्याला पुढे ढकलतो आणि पंख्यामागचे सुकाणू त्याला वळवते. सुकाणू म्हणजे अखेर एक फळी. तिच्यावरून पाणी वाहत असेल तरच ती नाक वळवू शकते. भर समुद्रात जहाज वेगात असते तेव्हा सुकाणू उत्तम चालते, आणि तेथे वळण्याची घाई सहसा नसते. धक्क्यापाशी, अरुंद खाडीत, इतर जहाजांच्या गर्दीत वेग कमी करावा लागतो, आणि नेमके तेथेच सुकाणू दुबळे होते. वारा बाजूने असेल तर जहाज हळूहळू आडवे सरकू लागते आणि सुकाणूवरचा मनुष्य चाक फिरवून थकतो. थांबायचे म्हटले तर मोठ्या डिझेल जहाजात यंत्र बंद करून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावे लागते. हे सुरू करणे दाबलेल्या हवेवर होते, आणि टाक्यांत जेवढी हवा तेवढ्याच वेळा ते करता येते. अनेक कप्तानांना घाम फुटलेला मी पाहिला आहे तो वादळात नव्हे, धक्का पन्नास हातांवर असताना.

आणि तरी ही अडचण आपल्या नावाड्याला कधी आली नाही. नदीतून उतारू पलीकडे नेणारा नावाडी एकच वल्हे वापरतो. पाणी मागे लोटताना पाते आडवे धरतो, पुढे आणताना मनगट किंचित वळवून धारेवर कापीत आणतो. वळायचे असेल तर तेच पाते तिरके करतो, थांबायचे असेल तर उलट दाबतो. ढकलणे आणि वळवणे ही दोन कामे आहेत हेच त्याला ठाऊक नसते. पात्याचा कोन क्षणोक्षणी बदलता आला तर एकच साधन दोन्ही कामे करते, हे ज्ञान त्याच्या मनगटात आहे. यंत्राला मनगट नव्हते, एवढीच अडचण होती.

ते मनगट घडवण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. १८३६ मध्ये इंग्लंडात स्मिथ आणि एरिक्सन यांनी स्क्रूच्या आकाराच्या पंख्याची पेटंटे घेतली. १८४५ मध्ये 'रॅटलर' या पंख्याच्या जहाजाने 'अलेक्टो' या चाकाच्या जहाजाला शेपटीला शेपटी बांधून झालेल्या ओढाओढीत मागे खेचत नेले आणि वादच मिटवला. त्याच्या एक वर्ष आधी, १८४४ मध्ये, बेनेट वुडक्रॉफ्ट याने पात्यांचा कोन बदलता येईल अशा पंख्याचे पेटंट घेतले होते. कल्पना अचूक होती, पण फिरत्या आसाच्या पोटातून पात्यापर्यंत हालचाल नेऊन ती भक्कम ठेवणे त्या काळच्या कारागिरीच्या आवाक्याबाहेरचे होते.

ही अडचण सुटली ती जहाजावर नव्हे, धरणावर. ब्रनो येथील प्राध्यापक व्हिक्टर काप्लान यांनी १९१३ च्या सुमारास अशी जलटर्बाइन योजली की पाण्याचा प्रवाह कमी-जास्त झाला तर पाती आपापल्या बुडख्यात फिरून नवा कोन घेतील. पाण्याची उंची थोडी पण प्रवाह मोठा अशा जलविद्युत केंद्रांत आजही हीच टर्बाइन बसवतात. हेच तंत्र १९३० च्या दशकात जहाजाच्या पंख्यात आले. यंत्र एकाच दिशेने फिरत राहते, पात्यांचा कोन बदलला की जहाज पुढे, मागे किंवा जागच्या जागी. ज्या युद्धनौकांत गॅस टर्बाइन असते त्यांना याचे मोल फार, कारण ती टर्बाइन उलटी फिरत नाही. तथापि हा पंखाही ढकलतो तो फक्त पुढे किंवा मागे. वळवण्यासाठी सुकाणू लागतेच.

आणि आता एर्न्स्ट श्नायडर. हा ऑस्ट्रियन संशोधक जहाजाचा विचारच करीत नव्हता. त्याने उभी पाती असलेली एक नवी जलटर्बाइन कल्पिली होती. असे सांगतात की आगगाडीच्या प्रवासात त्याची फॉइथ कंपनीच्या सांक्ट प्योल्टेन कारखान्यातील एका व्यवस्थापकाशी गाठ पडली आणि गोष्ट प्रयोगशाळेपर्यंत गेली. कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र तपासले. टर्बाइन म्हणून त्यात विशेष काही नव्हते, प्रचलित टर्बाइनपेक्षा ती सरस ठरेना. एखाद्याने कागद गुंडाळून ठेवला असता. त्यांनी मात्र यंत्र उलटे चालवून पाहिले, म्हणजे पाण्याने यंत्र फिरवण्याऐवजी यंत्राने पाणी लोटले, आणि लक्षात आले की पात्यांचा कोन बदलून हे पाणी हव्या त्या दिशेला फेकता येते. १९२८ मध्ये 'टॉर्क्वेओ' नावाच्या ६० अश्वशक्तीच्या लहान बोटीवर बोडन्झे सरोवरात त्याच्या चाचण्या झाल्या. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी फिरवतो' असा आहे. १९३१ पर्यंत त्याच सरोवरातील जर्मन रेल्वेच्या उतारू बोटींवर ही यंत्रे बसू लागली होती. १९३८ मध्ये इंग्लंडात 'लिमिंग्टन' ही मोटारी वाहून नेणारी फेरीबोट अशाच यंत्रावर धावू लागली. कोणत्याही टोकाने धक्क्याला लागणारी ही बोट अरुंद नदीतून ये-जा करीत असे.

आता सरांचे वर्तुळ. विद्यार्थ्यांनी वहीवर माझ्याबरोबर काढावे. बोटीच्या तळाशी एक गोल चकती बसवली आहे, तिचा आस उभा. चकतीच्या परिघावर चार, पाच किंवा सहा लांब पाती, दारूच्या बाटल्या टांगाव्यात तशी नव्हे, तर तलवारीच्या पात्यासारखी, खाली पाण्यात लोंबत आहेत. चकती यंत्राने सतत एकाच दिशेने, एकाच वेगाने फिरते. प्रत्येक पाते आपल्या आसाभोवती थोडे वळू शकते. चकतीच्या मध्याला 'म' म्हणा. आता आणखी एक बिंदू घ्या, 'न', म्हणजे नियंत्रण बिंदू. दांड्यांच्या जुळणीने असे केले आहे की प्रत्येक पाते 'न'पासून त्याच्यापर्यंत काढलेल्या रेषेशी नेहमी काटकोनात राहील. सारा नियम एवढाच आहे.

'न' जर 'म'वरच असेल तर प्रत्येक पाते वर्तुळाच्या स्पर्शिकेवर असते. ते पाणी कापीत फिरते, लोटत नाही, म्हणून चकती वेगाने फिरत असूनही बोट स्थिर राहते. आता 'न' थोडा डावीकडे सरकवा. 'म'-'न' या रेषेवरच्या दोन ठिकाणी पाते अजूनही स्पर्शिकेवरच आहे. पण त्या रेषेला काटकोन करणाऱ्या दोन ठिकाणी ते तिरके झाले. एका ठिकाणी त्याची पुढची धार वर्तुळाबाहेर वळते, दुसऱ्या ठिकाणी आत. त्या दोन ठिकाणी पाती परस्परविरुद्ध दिशेने जात असल्यामुळे दोन्हींचा जोर एकाच दिशेला पडतो, आणि ती दिशा 'म'-'न' रेषेला काटकोनात असते. 'न' जितका दूर सरकवाल तितका जोर अधिक. 'न' ज्या बाजूला न्याल त्याप्रमाणे जोर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, किंवा यांपैकी कोणत्याही तिरकस दिशेला. तेलाच्या दाबावर चालणारे दोन दट्टे, एकमेकांशी काटकोनात, 'न'ला हवा तेथे नेतात. एक पुढे-मागे जाण्यासाठी, दुसरा वळण्यासाठी. यंत्राचा वेग बदलावा लागत नाही, दिशा बदलावी लागत नाही आणि सुकाणू तर नाहीच. जहाजाच्या वजनाला हलवणारा निर्णय वर्तुळातील एका बिंदूच्या बोटभर सरकण्यात सामावतो. मला अजूनही हे थोडे जादूसारखे वाटते, आणि माझे सारे आयुष्य या दांड्यांना वंगण घालण्यात गेले आहे.

मात्र याचे खरे मोल मला कळले ते भूमितीतून नव्हे. तरुणपणी मी एका जुन्या पद्धतीच्या टगबोटीवर होतो. टगचे काम अवाढव्य जहाजाला दोरखंडाने ओढून धक्क्याला लावण्याचे. जुन्या टगमध्ये दोर अडकवण्याचा आकडा मध्यावर आणि पंखा मागे असतो. जहाजाने अपेक्षेपेक्षा वेग घेतला आणि टग त्याच्या बाजूला पडली, की दोर तिला आडवी खेचू लागतो. पंखा मागे असल्याने तिला सुटता येत नाही. दोर जेवढा ताणेल तेवढी ती कलंडते, आणि हे काही सेकंदांत घडते. त्या दुपारी मी खाली यंत्रापाशी होतो. पायाखालची जाळी एकाएकी भिंत होऊ लागली आणि हत्यारांची पेटी माझ्याजवळून घरंगळत गेली. वर सारंगाने आकडा सोडला म्हणून आम्ही वाचलो. त्या दिवशी कोणी दगावले नाही, पण जगभरच्या बंदरांत अशा टगबोटी उलटून खलाशी बुडाल्याच्या घटना ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा क्षण केवढा लहान असतो ते ठाऊक असेल.

१९५० च्या दशकात श्नायडरच्या यंत्रावर 'वॉटर ट्रॅक्टर' ही टगबोट निघाली. तिच्यात ही दोन यंत्रे पुढच्या भागाखाली बसवतात आणि दोर मागच्या भागातून जातो. मागे पाण्यात एक मोठा स्थिर परही असतो. ढकलणारा जोर पुढे, दोराचा ताण मागे. त्यामुळे दोराने आडवे खेचले तरी टग फिरून दोराच्या रेषेत येते, उलटण्याकडे जात नाही. आपल्या बंदरांतही अशा टगबोटी काम करतात. मी पुढे त्यांपैकी एकीवर होतो आणि तिच्या यंत्रखोलीत मला निश्चिंत झोप लागे.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की हे यंत्र सर्वत्र योग्य नाही. लांब पल्ल्याच्या जहाजाला साधा पंखा कमी इंधनात अधिक वेग देतो. खाली लोंबणारी पाती उथळ पाण्यात तळाला लागू शकतात. पात्यांखाली संरक्षक तबकडी बसवतात, ती बहुतेक धक्के सोसते, सगळे नाही. मासेमारीचे जाळे किंवा नायलॉनची दोरी अडकली तर दिवस फुकट जातो. किंमत मोठी, दुरुस्तीला जाणकार हात लागतात. १९५० मध्ये योझेफ बेकर यांच्या शॉटेल कंपनीने पंख्यासह सारा खांबच गोल फिरवणारे दुसरे साधन काढले, आणि आज अनेक टगबोटींवर तेच दिसते. दोघांचे समर्थक अजून भांडतात. मी कोणत्या बाजूचा हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

दुधनीच्या जलाशयात अशी यंत्रे कोणी बसवणार नाही, बसवूही नयेत. तेथील होडीला वल्हे आणि लहान मोटार पुरे. परंतु पाण्यावर चालणाऱ्या कोणत्याही वाहनाला 'वेग कमी असताना याच्यावर ताबा किती?' हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या उतारू बोटीवर चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. यंत्रातील बिघाडामुळे ताबा सुटला असे नौदलाने सांगितले. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. तेथे बोटीत माणसे अधिक होती, जीवनरक्षक जाकिटे पुरेशी नव्हती. पात्यांचा कोन कितीही नेमका असला तरी या दुसऱ्या प्रसंगात त्याचा उपयोग झाला नसता. शाळेच्या सहली दुधनीला जातात, म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की होडीत बसण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या अंगावर जाकीट आहे आणि त्याचे बंद बांधलेले आहेत हे स्वतः हाताने चाचपून पाहावे. नावाड्याचा शब्द पुरेसा मानू नये, तो कितीही सज्जन असला तरी.

टेबलावर मी प्लायवुडचा एक नमुना आणला आहे. पाच पाती, सायकलचे स्पोक आणि मधली एक खुंटी, एवढेच साहित्य. भाषणानंतर मुलांनी पुढे यावे, चकती फिरवावी आणि खुंटी हळूहळू सरकवावी. खुंटी परिघापर्यंत नेऊ नका, स्पोक वाकतील. नमुना शाळेच्या प्रयोगशाळेतच राहील.